तू भिंत हो

"मावशी, तू भिंत हो."

मनूनं हे इतक्या सहज सांगितलं की मी आधी उठून भिंतीपाशीच गेले, तिथून काही आणायचं असेल म्हणून. तसं नव्हतं. भिंत व्हायचं होतं. बाहेर सकाळपासून पाऊस लागून राहिला होता, माझी धाकटी बहीण आतल्या खोलीत दार लावून मीटिंगला बसली होती, आणि चार वर्षांची मनू व तिचा दीड वर्षाचा भाऊ माझ्या ताब्यात होते. मी तयारीनिशी गेले होते. कापडी पिशवीत रंगीत कागद, लोकर, बोथट कात्री, डिंक, कागदी बशा. शिवाय फोनमध्ये 'मुलांना घरातल्या घरात कसं रमवाल' छापाची एक लांबलचक यादी. मनूनं पिशवी उलटी केली, सामानावर नजर टाकली, ते पायानं बाजूला सारलं आणि रिकामी पिशवी डोक्यात घातली. तो मुकुट होता. धाकटा घोडा झाला. सोफ्यावरचा लोड राजाची आई झाला, कारण तो जाड होता आणि उठत नव्हता. मग उरले मी.

भिंतीनं काय करायचं असतं, असं विचारल्यावर उत्तर आलं, "काही नाही. भिंत बोलत नाही." मी मांडी घालून ताठ बसले. ती माझ्या पाठीला टेकून कुणाशी तरी फोनवर कुजबुजली. माझ्यामागे लपली. माझ्या दंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावून तिनं तो दोनदा दाबला आणि दिवा लागल्यासारखं वर पाहिलं. थोड्या वेळानं माझ्यातली शिक्षिका जागी झाली आणि मी विचारलं, "या राजवाड्याला दार कुठंय गं?" दोघंही थिजली. "भिंत बोलली!" असं किंचाळत मनू पळाली, तिच्यामागे घोडा पळाला, आणि त्यानंतरची सगळी दुपार बोलणाऱ्या भिंतीला घाबरण्यात गेली. माझ्या यादीत हा खेळ नव्हता.

परत येताना मला हसू येत होतं आणि जरा लागलंही होतं. एवढं सामान नेलं, एवढा उत्साह नेला, आणि पदरात पडली ती निर्जीव भूमिका. पण त्याहून जास्त टोचत राहिला तो एक प्रश्न. त्या घरात इतक्या वस्तू असताना तिनं भिंतीसाठी मलाच का निवडलं? खरी भिंत दोन हातांवर होती.

घरात खेळायच्या खेळांच्या याद्या मी नंतर पुन्हा काढून वाचल्या. माझं मत असं झालंय की त्या मुलांसाठी लिहिलेल्या नसतात, आपल्या धास्तीसाठी लिहिलेल्या असतात. दुपारचे तीन वाजलेत, पाऊस हटत नाही, रात्रीचं जेवण अजून लांब आहे, आणि आत्ताच्या आत्ता काहीतरी हवं असलेलं एक छोटं माणूस गुडघ्याला लटकलंय. अशा वेळी यादी हातात असली की बरं वाटतं. माझा राग फक्त त्यातल्या शेवटच्या रकान्यावर आहे. साहित्य, कृती आणि मग 'फायदा'. बोटांच्या स्नायूंचा विकास, एकाग्रता, पूर्वगणन तयारी (म्हणजे मोजायला शिकण्याआधीची तयारी). एक डबा उघडून त्यात बटण टाकणाऱ्या मुलाकडे बघून आपल्याला त्याची पूर्वगणन तयारी दिसत असेल, तर आपण त्या खोलीत नाहीच. आपण त्याच्या दहावीत जाऊन बसलोय.

तरी याद्या निरुपयोगी नाहीत. पहिल्या पाच मिनिटांपुरत्या त्या चालतात. पुढचं मूल बघतं.

मनूनं मला भिंत का केलं याचं उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी सापडलं. लेव व्हिगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलं होतं. त्यात काठीच्या घोड्याची गोष्ट आहे. मूल काठीचा घोडा करतं, ती पायांमध्ये धरून दौडतं, इथवर आपल्याला ठाऊक असतं. पण व्हिगोत्स्की पुढे म्हणतात की पोस्टकार्डाचा घोडा मात्र मुलाला करता येत नाही. वस्तू घोड्यासारखी दिसली नाही तरी चालेल, पण तिच्यावर स्वार होता आलं पाहिजे. शरीराला ती हालचाल करू देणारी वस्तूच घोडा होऊ शकते. हे वाचल्यावर मला तो पाऊस, तो लोड आणि ती दुपार एकदम नीट दिसली. राजाची आई व्हायला बसून राहता येणं आणि न उठणं पुरेसं होतं. भिंत व्हायला टेकू देणं पुरेसं होतं. आणि खरी भिंत थंड होती, शिवाय तिच्यामागे लपता येत नव्हतं. मी आणलेल्या कागदी बशांचं आधीच ठरलं होतं की त्या सिंह होणार, लोकरीची आयाळ लावून. त्यांना दुसरं काही व्हायची सोय मी ठेवली नव्हती.

तेव्हापासून घरातल्या वस्तूंकडे मी या नजरेनं बघते. ही काय करू देईल? उशी पडू देते, फेकू देते, रचू देते, मिठी मारू देते. खुर्ची उलटी केली की तिचे चार पाय हवेत जातात आणि लगेच चादर मागतात. मोठं पातेलं बसू देतं, निदान दीड वर्षाच्या बुडाला. झाकण वाजू देतं आणि वाजल्यावर हात ठेवला की गप्प होतं. धाकट्यानं हे झाकणाचं गप्प होणं शोधलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येणार नाही. तळव्याला ती थरथर लागते आणि आवाज विझतो. आवाज हा हलणाऱ्या वस्तूचा असतो, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलं. त्याला ते हाताला लागलं, आणि मग जेवणाची वेळ होईपर्यंत सगळ्या घराला लागलं.

भिंतीवरून आठवलं. लहान मुलांच्या दोन अत्यंत आवडत्या वस्तू मुळात भिंतीसाठी तयार झाल्या होत्या. एक म्हणजे प्ले-डो. अमेरिकेत घरं कोळशावर गरम करत असत तेव्हा भिंतींच्या कागदावर काजळी बसायची, आणि ती टिपून काढायला कणकेसारखा एक मऊ गोळा विकला जायचा. पुढे कोळसा मागे पडला, काजळी गेली, गोळ्याचं काम संपलं. के झुफॉल नावाच्या बालवाडी चालवणाऱ्या शिक्षिकेनं तो गोळा मुलांच्या हातात दिला, आणि १९५६ मध्ये तोच पदार्थ खेळणं म्हणून बाजारात आला. दुसरी वस्तू म्हणजे बबल रॅप. १९५७ मध्ये आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी न्हाणीघराचे दोन प्लॅस्टिकचे पडदे एकमेकांना चिकटवले, मध्ये हवा अडकली, आणि त्यांना वाटलं की हा भिंतीवर लावायचा उठावदार कागद म्हणून खपेल. खपला नाही. भिंतींनी नाकारलं, वस्तू गुंडाळणाऱ्यांनी उचललं, आणि पुड्यातून बाहेर पडलेल्या त्या कागदावर घरोघरची मुलं पहिली झडप घालतात. जमिनीवर त्याची लांब पट्टी अंथरून चिकटपट्टीनं कडा बसवल्या आणि अनवाणी चाललं, की तळव्याखाली फुटणाऱ्या प्रत्येक फुग्याचं वेगळं उत्तर येतं. मनू टाचेवर चालते. धाकटा मध्येच बसतो आणि एक बोट लावून विचार करतो. प्लॅस्टिक तोंडात किंवा चेहऱ्यावर जाऊ नये म्हणून मी तिथून हलत नाही, आणि खेळ संपला की पट्टी उंचावर जाते.

मळलेला गोळा घरीही होतो. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी. मिठामुळे तो टिकतो आणि चव इतकी वाईट लागते की मनू आता चाखत नाही. धाकट्याच्या हातात मी तो देत नाही; तो अजून जगाची ओळख जिभेनं करून घेतो, आणि एवढं मीठ लहान पोटाला चांगलं नाही. मनू त्या गोळ्याचं काय करते? काहीच करत नाही. साप नाही, टोपली नाही. ती त्याला दाबते, तो बोटांमधून वर येतो, ती परत गोळा करते. मी आधी सुचवायचे, चल आपण हत्ती करू. हल्ली मीही दाबते. कोमट गोळ्याला एक जडपणा असतो, आणि तळहाताच्या रेषा त्यावर उमटलेल्या बघत बसायला मलाही आवडतं, हे मला चाळिशीनंतर कळलं.

खोक्याबद्दल मी फार लिहीत नाही. महागडं खेळणं सोडून मूल त्याच्या खोक्यात बसलं, ही हकीकत प्रत्येक घरात आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये द स्ट्राँग नावाच्या संग्रहालयात खेळण्यांचा सन्मान केला जातो, तिथे २००५ मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्याला, २००८ मध्ये काठीला आणि २०११ मध्ये पांघरुणाला मानाचं स्थान मिळालं. तिन्ही गोष्टी प्रत्येक घरात असतात, एवढंच सांगते.

पांघरुणावर मात्र थांबायला हवं. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून, वर चादर टाकून, कडांना कपड्यांचे चिमटे. आत गेलं की पहिल्यांदा उजेड बदलतो. चादर पिवळी असेल तर आतली हवाच पिवळी होते, आपले हात कुणा दुसऱ्याचे वाटतात. धुतलेल्या कापडाचा वास, स्वतःच्याच श्वासाची ऊब, बाहेरचे आवाज एकदम दूर गेलेले. मी लहानपणी टेबलाखाली असं घर करायचे आणि तिथे काहीच करायचे नाही. आई टेबलाजवळून गेली की तिचे फक्त पाय दिसायचे, आणि आख्खी आई असण्यापेक्षा नुसते पाय असलेली आई जास्त गंमतीची वाटायची. तिला माहीत असायचं मी आत आहे. मला माहीत असायचं की तिला माहीत आहे. तरी ती मोठ्यानं विचारायची, "कुठं गेली ही कार्टी?" आणि मी आतल्या आत फुटायचे. आता चादरीखाली मनू असते आणि पाय माझे असतात. मला वाकता येत नाही म्हणून मी बाहेरच राहते, आणि खरं सांगायचं तर मला आत बोलावलंही जात नाही.

लपंडाव घरातच रंगतो असं माझं मत आहे, मैदानावर नाही. पण तीन-चार वर्षांच्या मुलाबरोबरचा लपंडाव हा वेगळाच प्रकार. मनू पडद्यामागे लपते, पाय बाहेर. पुढच्या डावात पुन्हा त्याच पडद्यामागे. "कुठं आहे मनू?" म्हटलं की "इथं!" किंवा त्याहून भारी म्हणजे खोलीच्या मधोमध उभी राहून दोन्ही हातांनी डोळे झाकते आणि आपण दिसत नाही असं समजते. मला हे अज्ञान वाटायचं. केंब्रिज विद्यापीठातल्या जेम्स रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लहान मुलांना नेमकं हेच विचारलं होतं. डोळे झाकल्यावर आपलं शरीर दिसतं हे बहुतेक मुलांना कळत होतं. तरी 'मी' दिसत नाही असं ती म्हणत होती. नजरेला नजर मिळाल्याशिवाय दोन माणसं एकमेकांना खरी दिसतच नाहीत, असा काहीसा त्यांचा हिशेब निघाला. त्यानंतर मनूनं डोळे झाकले की मी तिला शोधायला बराच वेळ लावते. तिच्या शरीराला वळसा घालून जाते. ते तिचं नाहीच ना, ती दुसरीकडे कुठेतरी आहे.

धाकट्याची गोष्ट वेगळी, त्याचं वय टाकण्याचं आहे. चमचा खाली टाकायचा, वाकून बघायचं, आपल्याकडे बघायचं. चमचा उचलून दिला की पुन्हा टाकायचा. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी आपल्याच तीन मुलांना बघत बघत अशा टाकाटाकीच्या नोंदी ठेवल्या होत्या. हात वर नेऊन सोडला तर काय होतं, बाजूला नेऊन सोडला तर काय होतं, असं मूल दर वेळी थोडं बदलून बघतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. मी चमचा उचलत असते तेव्हा मला पियाजे आठवत नाहीत, पाठ आठवते. म्हणून मी बेत बदलला. वर खाच पाडलेला एक डबा, त्यात टाकायला मोठी झाकणं आणि पुठ्ठ्याच्या चकत्या. खाचेत सरळ धरलं तरच आत जातं. आत गेलं की धप्प. डबा उघडला की सगळं परत. वीस-बावीस मिनिटं तो बोलत नाही, फक्त नाकानं श्वास घेतो. शिवाय एक उथळ टोपली असते, तिच्यात घरातल्याच वस्तू: लाकडी पळी, धुतलेला दगड, चामड्याचा पट्टा, कापसाचा मोठा बोळा, धातूची वाटी. एलिनॉर गोल्डश्मीड या बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी बसू लागलेल्या बाळांसाठी ही टोपली सुचवली. त्यांचा भर असा की वस्तू प्लॅस्टिकच्या नकोत, कारण प्लॅस्टिकचं सगळं हाताला सारखंच लागतं. वाटी उचलली की थंड, पळी उचलली की कोमट, दगड उचलला की हात खाली जातो. एकेका वस्तूला तो भेटल्यासारखा भेटतो.

या वयात एक काळजी मात्र मनातून काढून चालत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतला सुटा तुकडा तपासायला एक छोटी नळी वापरतात, तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर. तुकडा आत मावला, तर तो घशात अडकू शकतो. घरी ती नळी नसते, पण टॉयलेट पेपरची पुठ्ठ्याची नळी असते. ती थोडी रुंद आहे, त्यामुळे तिच्यातून आरपार जाणारं काहीही मी धाकट्यासमोर ठेवत नाही. रिमोटमधली चपटी बटण-बॅटरी आणि छोटी लोहचुंबकं या दोन वस्तू तर खेळाच्या खोलीतच नकोत. पोटात गेल्या तर लगेच रुग्णालय. आणि खण ओढून पायरी करता येते हे मुलांना आपल्याआधी कळतं, तेव्हा उंच कपाट भिंतीला ठोकून घ्यावं.

पाण्याचं काय करायचं, हा घराघरातला वाद आहे. बहीण म्हणते आंघोळीत खेळू दे. मी म्हणते दुपारी. टॉवेल अंथरायचा, त्यावर टब, चार बोटं पाणी, एक गाळणी, एक मापाची वाटी, एक स्पंज. भरायचं, ओतायचं. गाळणीतून पाणी पडताना मनू खालून बघते. स्पंज पाण्यात दाबून वर आणला की तो जड झालेला असतो आणि पिळला की पुन्हा हलका, यात तिचा अर्धा तास जातो. इतक्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून फोन वाजला तरी मी उठत नाही आणि खेळ संपता क्षणी टब उलटा करते. तिला आणखी एक पसंत आहे ते म्हणजे ओला ब्रश घेऊन फरशीच्या भिंतीवर रंगवणं. गडद होतं, वाळतं, जातं. तिनं एकदा ससा काढला, कान वाळून गेले, तर म्हणाली, "तो आता मांजर आहे."

आणि कॉर्नफ्लोअर. दोन वाट्या कॉर्नफ्लोअरला साधारण एक वाटी पाणी. हे मिश्रण विज्ञान शिकवायला म्हणून सगळ्या याद्यांत असतं, पण ते हातात घेतल्याशिवाय त्याची विचित्रता कळायची नाही. बुक्की मारली की टणक. अलगद हात ठेवला की आत बुडतो. मुठीत आवळून धरलं की गोळा, मूठ सैल केली की तोच गोळा बोटांतून दुधासारखा गळतो. घाई केली की स्टार्चचे बारीक कण एकमेकांत अडकून बसतात, सवड दिली की मधल्या पाण्यावरून सरकतात. मनूला यातलं काही सांगितलं नाही. ती मात्र त्याच्याशी बोलायला लागली, हळू आवाजात, "मी मारत नाहीये तुला." उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, नळी तुंबते. वाळलं की झाडून निघतं.

हे सगळं वाचताना वाटेल की आमच्याकडे सतत काहीतरी मांडलेलं असतं. उलट आहे. अमेरिकेतल्या टोलीडो विद्यापीठात २०१८ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या छत्तीस मुलांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला होता: एकदा चार खेळणी समोर, एकदा सोळा. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. बहिणीनं त्यानंतर निम्मी खेळणी माळ्यावर टाकली आणि अधूनमधून अदलाबदल करते. माळ्यावरून उतरलेल्या जुन्या गाडीचं स्वागत नव्या गाडीसारखं होतं.

दुसरी गोष्ट शाबासकीची, आणि ती मला जास्त जड जाते. मनूनं कागदावर रेघ मारली की माझ्या तोंडून "वा!" आपोआप निघतो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर एक अभ्यास केला. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर बक्षीस म्हणून प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं स्केचपेनकडे कमी वळली. बक्षिसाची अपेक्षा नसलेली मुलं पहिल्यासारखीच रेघोट्या मारत होती. माझा "वा" म्हणजे काही प्रमाणपत्र नव्हे, हे मला कळतं. पण मी "वा" म्हटलं की ती कागदावरून मान वर करून माझ्याकडे बघते, हेही दिसतं. रेघ तिथेच थांबते. हल्ली मी जवळ बसून माझं काहीतरी करते, बटण लावते, कपड्यांच्या घड्या घालते. ती मध्येच येऊन टेकते आणि जाते. बोलायचं असेल तर ती बोलते.

नेहमी जमतं असं नाही. लहान मुलांचा खेळ मोठ्यांना कंटाळवाणा असतो, आणि हे कुणी कबूल करत नाही. तेच दुकान, तेच गिऱ्हाईक, "नाही, तू परत ये आणि परत विचार." पाचव्यांदा मी काल्पनिक साबण विकत घेतला तेव्हा माझं मन त्या साबणावर नव्हतं. माझ्या आधीच्या पिढीतली मोठी माणसं मुलांबरोबर बसून इतकं खेळत नसत, निदान आमच्या घरी तरी नाही. आम्ही भावंडं एकमेकांशी खेळायचो, आणि मोठी माणसं आसपास असायची. आज घरात मुलं एक किंवा दोन, त्यांच्या वयांत अंतर, मग खेळगडी व्हायचं काम मोठ्यांच्या अंगावर आलं. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेनं १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे टप्पे मांडले, त्यातला एक टप्पा शेजारी बसून आपापलं खेळण्याचा आहे: एकाच वाळूत दोघं, पण खड्डे वेगळे. मोठ्यांनाही हा टप्पा लागू व्हायला माझी हरकत नाही.

मी हे सगळं बहिणीला उत्साहानं सांगत होते, तर ती म्हणाली, "ताई, तुझं ठीक आहे. तू येतेस, भिंत होतेस, जातेस. मला रोज असतं." ती दिवसभर काम करून बाहेर येते तेव्हा तिच्यात टब मांडायचीच काय, टॉवेल अंथरायचीही ताकद नसते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्याकडे होतं. पडून राहून खेळायचे खेळ तिनं केव्हाच जमवलेत. आजारी माणूस आणि डॉक्टर: आई पेशंट, डोळे मिटायचे, डॉक्टर फार कडक आहेत, हलू देत नाहीत. झोपलेला राक्षस: त्याच्या उशाशी ठेवलेला खजिना पावलं न वाजवता चोरायचा, आणि राक्षसानं फक्त मधूनमधून घोरायचं. केस कापायचं दुकान: कंगवा चालतो, कात्री बोटांची. आणि तिचा सगळ्यात लाडका खेळ म्हणजे रस्ता. ती पालथी पडते, दोन्ही मुलं तिच्या पाठीवरून गाड्या नेतात. खांद्यांचा घाट, मधली दरी, कमरेपाशी पेट्रोलपंप. छोट्या चाकांनी तिचा पाठीचा ठणका जातो म्हणते. फक्त मानेच्या वर वाहतूक नाही. धाकटा ट्रक केसांत नेतो आणि तो मग सोडवावा लागतो, म्हणून तिनं मुलांना सांगून ठेवलंय की पुढे बोगद्याचं काम चालू आहे. मनू दर वेळी विचारते, कधी होणार? कंत्राटदार पळून गेलाय, असं तिला सध्या सांगण्यात आलं आहे.